ह्यांच्यासाठी डोंगर

३ मार्च, मंगळवार. नव्या वर्षाची पहिली पौर्णिमा

आजचा हिशोब —
सणाचे अक्रोड आणि शेंगदाणे, ९,८०० वॉन. (गेल्या वर्षी ८,५००! पुडी तेवढीच.)
भातासाठी पाच धान्यं, ६,५००.
विहारात दिवा, १०,०००.
बुसानहून लेकीने, येरीनने पाठवलेलं पाकीट, फुकट. आत जपानमधल्या तीन बर्फाच्या डोंगरांची माहितीपत्रकं.

पाकीट तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय. ह्यांना सांगितलेलं नाही.

इथे लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच पक्कं होईल. माझी भिशी या महिन्यात लागली. त्या पैशांतून ह्यांना जपानला न्यायचं, बर्फावर फळीवरून घसरायला (स्नोबोर्ड म्हणते येरीन). आमच्या कांगवॉनमधले डोंगर आता बंद होत आलेत. एप्रिलपर्यंत बर्फ टिकतो तो समुद्रापलीकडे.

एकतीस वर्षं ह्यांनी आमच्या गावच्या डोंगरावर यंत्राने बर्फ पाडला. रात्रभर बर्फ करायचा आणि सकाळी सोल शहरातून आलेल्या पोरांनी त्यावर घसरायचं. त्या पोरांचं बघून हेही एकोणचाळिसाव्या वर्षी फळीवर उभे राहिले. मग गेल्या नोव्हेंबरात फोनवर चार ओळींचा निरोप — यंदा डोंगर उघडणार नाही, पुढेही नाही, चाव्या कचेरीत जमा कराव्यात. ना शेवटचा दिवस, ना निरोपाचं जेवण. तेव्हापासून हे बोलत नाहीत. म्हणजे "मीठ दे" एवढं बोलतात.

या सणाला सकाळी अक्रोड दाताने फोडायचे असतात, म्हणजे वर्षभर अंगावर फोड येत नाहीत. ह्यांनी एकही फोडला नाही. मी दोघांचे फोडले. दाढ दुखतेय.

पैसे एकाच सहलीचे आहेत. डोंगर चुकला तर दुसरी सहल नाही.

६ मार्च, शुक्रवार

भिशीवाल्यांचं जेवण. मिन्होची आई म्हणाली, "अगं, आमच्याबरोबर व्हिएतनामला, दानांगला चल! मालिश, आंबे, समुद्र! एप्रिलात बर्फ शोधायला कोण जातं? हंगाम संपल्यावर उरलेला माल तो."

म्हटलं, उरलेला आहे म्हणूनच परवडतोय. (खरंच! जानेवारीच्या निम्मा दर.)

"आणि तू काय करणार तिथे? खाली उभी राहून त्यांचा कोट धरणार?"

सगळ्या हसल्या. घरी येईपर्यंत मला तीन उत्तरं सुचली. त्यातलं एक तर फारच छान होतं, पण आता काय उपयोग?

८ मार्च, रविवार

विहारात हेवॉन भिक्षुणींना विचारलं — डोंगर कसा निवडू? बुद्धापुढे तिन्ही पत्रकं ठेवली तर चालेल का?

त्या म्हणाल्या, "ठेव की. पण बसच्या वेळा तूच बघ. त्यांना पाठ नाहीत."

९ मार्च, सोमवार

ह्यांना सांगितलं.

"नको."

"का?"

"परक्याचा बर्फ बघायला कशाला जायचं?"

टीव्हीचा आवाज वाढवला. संपलं बोलणं.

१० मार्च

आजही "नकोच."

१२ मार्च, गुरुवार

तिन्ही डोंगर वहीत मांडले. काझाओरे — मोठा, नावाजलेला, गरम पाण्याची कुंडं, महाग. हिनोसावा — विमानतळापासून जवळ, स्वस्तात स्वस्त. शिरानुमा — वर नेणाऱ्या दोरावरच्या दोनच लिफ्ट, शहरातून बसने दोन तास, पत्रकावरचं चित्रसुद्धा पुसट. मी काय निवडणार? हिनोसावा!

येरीनला फोनवर सांगत होते, "हिनोसावा ठरलं गं." तर मागून आवाज आला —

"दक्षिणेकडे तोंड आहे त्याचं."

मी वळले. हे टीव्हीकडेच बघत होते. जणू टीव्हीच बोलला.

चार शब्द! मीठ सोडून!

म्हणजे पत्रकं ह्यांनी पाहिली होती तर. तांदळाच्या डब्यामागे हात घालून! चार महिन्यांत ह्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार

आज लबाडी केली. कबूल करून टाकते.

ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने भांडी घासत येरीनशी बोलले. "काझाओरेच घेऊ या! काय ते हॉटेल! बर्फात खुर्च्या मांडून कॉफी देतात म्हणे!"

"मग कॉफीच पी तिथे!" हे कडाडले. "अगं, खालचा टप्पा सातशे मीटरवर आहे त्याचा. एप्रिलात तिथे गवत असेल, गवत! मला काय गाई चारायला नेतेस?"

मी साळसूदपणे विचारलं, "सातशे म्हणजे कमी का हो?"

झालं! उठले, पेन्सिल घेतली, लाइटच्या बिलाच्या मागे डोंगर काढला. ऊन कुठून येतं, सावली किती वाजेपर्यंत टिकते, रात्री गोठलेला बर्फ दुपारी कसा भाताच्या पेजेसारखा होतो. यंत्रातून पडणारा बर्फ ह्यांनी आयुष्यभर बाहीवर झेलून पाहिला — बाहीवरून उडाला तर चांगला, चिकटला तर ओला, पाणी कमी करा. हे सगळं हात पुढे करून मला दाखवलं. स्वयंपाकघरात! बाहीला कांद्याची पात चिकटलेली होती, तरी थांबले नाहीत.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ह्या बाहीच्या गोष्टीचा मला कंटाळा यायचा. आज दोनदा सांगायला लावली.

सकाळच्या एकशेआठ नमस्कारांवर रात्री तीन जादा घातले, लबाडीबद्दल. पश्चात्ताप मात्र झाला नाही. म्हणून आणखी एक.

१५ मार्च, रविवार

शिरानुमा! दोन लिफ्ट असोत नाहीतर एक असो. उतार उत्तरेकडचा, खालचा टप्पा अकराशे मीटरवर, २६ एप्रिलपर्यंत चालू. हे म्हणाले, "जायचंच असेल तर शहाणा माणूस इथे जाईल. मी जातोय असं नाही म्हटलेलं."

"नाही हो. कुठे म्हटलंत?"

आणि पत्रकाच्या मागे बारीक अक्षरात काय सापडलं? पासष्ट आणि त्यावरच्यांना लिफ्ट फुकट! हे सहासष्टचे! वर एक वर्ष शिल्लक!

बुद्धाचीच कृपा. बसच्या वेळा पाठ नसतील, पण दर पाठ आहेत.

१६ मार्च, सोमवार

शिरानुमाच्या कचेरीला पत्र टाकलं. येरीन म्हणते, "आई, ईमेल! एका मिनिटात जातं!" एका मिनिटात गेलेलं एका मिनिटात विसरतात. मी कोरियनमध्ये लिहिलं, तिने जपानी करून पाठवलं, मी ते छापून घेऊन पाकिटात घातलं. "ग्वाक दोंगपिल, वय सहासष्ट, जन्म डिसेंबर १९६१, फळी स्वतःची. सोबत पत्नी. १८ आणि १९ एप्रिल, दोन रात्री." कचेरीच्या वरच्या मजल्यावरच खोल्या आहेत, नाश्त्यासकट.

तळाला ह्यांनी एक प्रश्न घुसडला — रात्रीचं तापमान किती उतरतं?

म्हटलं, तुम्ही तर येत नाही ना?

"माहिती विचारायला काय जातं?"

विमानाची तिकिटं काढली. दोन.

२० मार्च, शुक्रवार

ह्यांनी पलंगाखालून फळी काढली, धूळ पुसली आणि मला म्हणाले, "उभी राहा हिच्यावर."

"मी? मी कोट धरणार आहे."

"कोण म्हणालं?"

नाव सांगितलं नाही. मिन्होच्या आईशी ह्यांचं आधीच पटत नाही.

दिवाणखान्यात चटई घातली, ह्यांनी दोन्ही हात धरले. पाय पट्ट्यांत अडकवून वाकायचं, उठायचं, वाकायचं. हे बघतच राहिले. "मांड्या कशा गं अशा तुझ्या? थरथरतसुद्धा नाहीत!"

म्हटलं, तीस वर्षं रोज एकशेआठ वेळा कोण वाकतंय या घरात?

मग पडायला शिकवलं. पडायचंही शिकावं लागतं! धप्प. पुन्हा धप्प. सातव्या धप्पला दारावरची बेल. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बांग मास्तर.

"वहिनी, भूकंप आहे, की फक्त तुमच्याकडेच आहे?"

माझ्या पायात अजून फळी! हे मागे तोंडावर हात दाबून उभे. मास्तरांना मुळ्याच्या किमचीचा डबा दिला आणि सांगितलं, जपानला जायचंय, म्हणून पडतेय. मास्तरांनी डबा घेतला, फळी पाहिली आणि खाली गेले.

२१ मार्च

दाराशी पिशवी. घरात घालायच्या जाड तळव्याच्या चपला, पावलांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून, दोन जोड. किमचीचा डबा धुऊन परत.

आता पडायचा सराव गादीवर करते.

२५ मार्च, बुधवार

शिरानुमाहून उत्तर! कचेरी, खोल्या, लिफ्ट सगळं ओइकावा नावाचे एकच गृहस्थ बघतात असं दिसतं (मानाने ओइकावासान म्हणायचं). फोटो पाठवला, येरीनने फोनवर वाचून दाखवलं. खोली मिळाली. पुढे — "लिफ्टच्या पासाबद्दल दिलगीर आहे. डिसेंबर १९६१चा जन्म म्हणजे आमच्या हिशोबाने आपले यजमान चौसष्ट वर्षांचे आहेत."

चौसष्ट! मी भांडायलाच उठले. आईच्या पोटातलं एक वर्ष कुठे गेलं? जन्मल्यावर अकरा दिवसांत नवं वर्ष लागलं, तेव्हा ते दोनचे झाले, ते कुठे गेलं? सगळं गाव तसंच मोजतं!

येरीन हसत सुटली. "आई, गाव मोजतं! तीन वर्षांपूर्वी सरकारने बदललं की! आता वाढदिवसाला वय वाढतं."

सरकारने बदललं हे मलाही ठाऊक आहे. पण तोंडाला सांगायला सरकार आलं होतं का? आणि मी परदेशी माणसाला लेखी खोटं कळवलं! वर दोन दिवसांच्या पासाचे पैसे! हिशोबाच्या ओळी खोडताना वहीचं पान फाटलं.

आणि हे? हे हसत होते! सोफ्यावर मागे रेलून, पोट धरून. नोव्हेंबरपासून न ऐकलेलं हसू.

"दोन वर्षं परत मिळाली मला, आणि तू पासाला रडतेस! चौसष्ट! चौसष्टचा माणूस घरात बसून टीव्ही बघतो होय? चल, मेण आणायला जाऊ!"

फळीच्या तळाला लावायचं मेण, १८,००० वॉन. मेण! देवाच्या मेणबत्त्या बारा येतात तेवढ्यात. पैसे दिले.

पाकिटात ओइकावासाननी आणखी एक कागद घातला होता. महिनाभराचं रात्रीचं तापमान, हाताने आखलेल्या तक्त्यात, रोज पहाटे चार वाजता मोजलेलं. ह्यांनी तो खूप वेळ हातात धरला. म्हणाले, "हा माणूस स्वतः उठतो."

२८ मार्च, शनिवार

हे ओइकावासानना पत्र लिहितायत. तिसरं पान चालू आहे. जपानी करताना येरीन रडकुंडीला आली. "आई, बाबांनी बर्फातल्या ओलाव्यावर दीड पान लिहिलंय! दीड पान! मला वाढदिवसाला एक ओळ लिहितात."

३१ मार्च

हे आज इतकं बोलले की मी तिसऱ्यांदा ऐकायचं सोडून भांडी घासायला गेले.

६ एप्रिल, सोमवार

ओइकावासानचं पत्र आलं. ह्यांच्या दीड पानाला दोन पानं उत्तर, आणि अगदी शेवटी — "आपण बर्फाविषयी इतक्या आपुलकीने विचारलंत, म्हणून कळवतो. २६ एप्रिलला शिरानुमा कायमचं बंद होत आहे. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाचजण लिफ्टचा दोर उतरवू." येरीनने फोनवर वाचलं. हे उठून बाल्कनीत गेले. आत येऊन म्हणाले, "त्याला दोर तरी उतरवायला मिळतोय."

हे विचारणार नाहीत. म्हणून मी पत्र लिहिलं, येरीनकडून जपानी करून घेतलं आणि टाकून आले. नक्कल इथे ठेवते —

"ओइकावासान, आम्ही अठराला न येता पंचवीसला येतो. विमानाची तारीख बदलली आहे. दोर उतरवायला पाचजण आहात, सहावा चालेल का? ह्यांना तुमची भाषा येत नाही, पण काम सांगावं लागणार नाही. मी विचारलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका. पाकिटावर 'जो मालसून' हे माझं नाव घाला, आणि कृपा करून उलट टपाली कळवा."