गाठ किती कडक

३ मार्च, अंथुर्णे
सोनोग्राफीत यकृतावर गाठ निघाली. डॉ. म्हणाले, जुन्या काविळीचं राहिलेलं असेल, बारामतीला एमआरआय करून घ्या. दारूच्या थेंबाला शिवले नाही मी, तरी दळणाला आलेल्या बायकांची कुजबुज ऐकली. दुपारी गिरणी बंद केली.

५ मार्च
धाकटी जाऊ सुनंदा दारात. वाटणी झाल्यापासून नऊ वर्षं बोलणं नव्हतं. म्हणाली, "अक्का, एमआरआयला बारामतीला एकटीनं जायाचं न्हाय. मी गाडी काढते." नको म्हणणार होते. तोंडातून निघालं, "च्या घेतीस का?"

८ मार्च, बारामती
मशीन चालवणारी परवीन, माझ्या लेकीच्या वयाची. उजव्या बरगडीवर रबराची चकती पट्ट्यानं बांधली. ती थरथरते, थरथर यकृतातून कशी जाते त्यावरून कुठं मऊ, कुठं कडक ते रंगात दिसतं म्हणे. श्वास सोडून तसंच थांबायचं. दोनदा चुकले. बोगद्यात जीव घाबरा झाला, रडले. परवीननं मला बाहेर घेतलं, पोटावर हात ठेवला. "काकू, माझ्याबरोबर. सोडा... आता थांबा." चार-पाच वेळा करून घेतलं. काय काम करता, तिनं विचारलं. गिरणी म्हटल्यावर, "मग थरथरीला कशाला भिता?" हसू आलं. पुढच्या खेपेला जमलं. देव तिचं भलं करो.

११ मार्च
रिपोर्ट. पडद्यावर गाठ लालभडक, बाकी यकृत निळं. डॉ.: "गाठ कडक आहे. बाकीची चित्रं बघूनही कॅन्सरच वाटतो. पण उरलेलं यकृत मऊ आहे, म्हणून ऑपरेशन करता येईल. तेही कडक असतं तर अवघड होतं." सुनंदा रडली. मला मात्र 'करता येईल' एवढंच ऐकू येत राहिलं.

२ एप्रिल, पुणे
ऑपरेशन होऊन आठ दिवस. टाके ओढतात. सुनंदा पहिल्या दिवसापासून इथंच, खुर्चीत झोपते. आज माझी वेणी घातली. म्हटलं, "सुनंदा, वाटणीच्या वेळी मी जरा..."
"अक्का, मान हलवू नका."
आणि काय लिहू. नशीब थोर माझं.

९ जुलै
बारामतीला पुन्हा तपासणी. परवीननं लांबूनच ओळखलं. श्वास पहिल्याच झटक्यात. यकृत भरून येतंय, मऊ आहे. पण कडेला एक बारीक ठिपका. डॉ.: "कडक दिसत नाही. पण काय आहे ते आज नक्की सांगता येत नाही. ऑक्टोबरमध्ये परत बघू."
संध्याकाळी गिरणी चालू केली. जड डबे सुनंदानं उचलले, मला हात लावू दिला नाही. मशीन थांबल्यावर पीठ झाडता झाडता म्हणाली, "अक्का, भ्या वाटतंय का?"
"वाटतंय."
"मला बी," म्हणाली, अन् पुढचा डबा घेतला.