अर्धं भाडं आणि पूर्ण कवळी

२ सप्टेंबर
आनंदाची बातमी. आमच्या दातांच्या लॅबमधून बॉसनं मलाच निवडलं. दोन महिने नव्या शाखेत जायचं आणि तिथल्या लोकांना कवळ्या करायला शिकवायचं. राहणं-जेवण लॅबच्या खर्चानं. (बाकीच्यांना घरच्या अडचणी होत्या, हा निव्वळ योगायोग.) महिनाअखेरीस प्रस्थान.

म्हणजे माझी खोली दोन महिने बंद. बंद खोलीचं पूर्ण भाडं कोण शहाणा देईल? उद्याच घरमालकांशी बोलणार. ते खालच्या मजल्यावर राहतात. या वहीपुरतं त्यांचं नाव मख्ख, कारण वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं धड बोललेले नाहीत. सगळं काकूच बोलतात.

संकल्प: नम्र पण ठाम. अर्ध्याच्या वर दमडी नाही.

३ सप्टेंबर
आज नाही जमलं. मख्ख झाडांना पाणी घालत होते. हातात पाइप असलेल्या माणसाकडे पैशाचा विषय काढू नये. आरशासमोर भाषणाची तालीम केली. इतकी रंगली की मीच मला भाडं माफ करून टाकलं.

५ सप्टेंबर
आज वेळ नव्हता. वाचणाऱ्या भाड्यातून सुटकेस घ्यायला गेलो होतो. निळी, चाकांची. उसने घेऊन घेतली, पण भाडं वाचलं की फिटतील.

८ सप्टेंबर, संध्याकाळ
विचारलं! आणि घोर अपमान झाला.

काकू बाहेर गेल्या होत्या. मख्खांना दारातच गाठलं आणि अख्खं भाषण म्हणून दाखवलं. दोन महिने नळ नाही, दिवा नाही, जिन्यात पावलं नाहीत, तेव्हा भाडं अर्धं करावं ही विनंती. ते तोंडावर टॉवेल धरून उभे. शेवटपर्यंत एक शब्द नाही. मग माशी उडवावी तसा हात हलवला आणि दार लावून घेतलं.

मी रोज जबडे हाताळतो. जबड्यावरून माणूस ओळखणं हा माझा हातखंडा. टॉवेल जरा सरकला तेव्हा बघून घेतलं: गाल खोल गेलेले, ओठ आत वळलेले, हनुवटी वर आलेली. शंभर टक्के कंजूष.

सूड घेणार. कसा, ते उद्या ठरवतो.

९ सप्टेंबर
सूड पहिला: जिन्यातला दिवा मी माझ्या पैशानं लावलेला. काढून घेतला.

संध्याकाळी त्याच जिन्यात मीच आपटलो. गुडघा सोलवटला. दिवा परत लावला. हा सूड रद्द.

ताईचा फोन. म्हणाली, अरे, हात हलवला म्हणजे काय उत्तर झालं का? काकूंना नीट विचार. मी म्हटलं, तू मोठी आहेस, पण स्वाभिमान तुला कळायचा नाही. ती बरं बाबा म्हणाली आणि फोन ठेवला. पटलेलं दिसतंय.

१२ सप्टेंबर
न्याय अजून शिल्लक आहे! कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांकडून नवं काम आलं. पूर्ण कवळी, वरची आणि खालची. पेशंट कोण, तर मख्ख! या क्षणी त्यांच्या हिरड्या प्लास्टरमध्ये उतरून माझ्या टेबलावर आहेत. एकदा टिचकी मारून पाहिली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, जुनी कवळी इतकी सैल झाली होती की बिचारे तोंड उघडायलाच घाबरायचे. माप घ्यायच्या आधी हिरड्यांना आराम हवा, म्हणून काही दिवस कवळीशिवाय राहायला सांगितलं होतं.

असेल. मला काय त्याचं?

१६ सप्टेंबर
मेणात दात बसवून ट्रायलला पाठवले होते. डॉक्टरांचा निरोप आला, एकदम झकास, पेशंट आरशासमोरून हलायला तयार नव्हते. आता पक्की करा.

ट्रायल झाल्यावर आणि पक्की होण्याआधी कवळी फक्त माझ्या ताब्यात असते. मेण गरम केलं. सगळे दात किंचित उंच केले. असे, की ओठ मिटणार नाहीत आणि बोलताना दातांवर दात आपटतील. वाईट काम इतकं मन लावून मी आजवर केलं नव्हतं. 

२० सप्टेंबर
कवळी मख्खांच्या तोंडात पोचली. जिन्यात कान देऊन बसलो. खालून टक, टक, टक. मख्ख बोलताहेत! जुन्या ऑफिसात कुणी टाइप करतंय असं वाटलं. दोन घास जास्त जेवलो.

२२ सप्टेंबर
टक टक चालूच. मख्ख हल्ली फार बोलतात. माझं डोकं उठलं.

२३ सप्टेंबर
लिहावंसं वाटत नाही.

जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, ह्यांना नव्या दातांनी काही चावता येत नाही, नुसत्या सुपावर आहेत, पण डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत. का, तर आपल्या वरच्या मुलानं केलेली कवळी आहे, नावं कशी ठेवायची? काम तुझ्याच हातात द्या, असं ह्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं. बसेल हळूहळू, म्हणतात.

मग म्हणाल्या, त्या दिवशी तू भाड्याचं बोललास ना, तेव्हा ह्यांच्या तोंडात दातच नव्हते. लाज वाटली, म्हणून हातानंच सांगितलं, दोन महिने काहीच देऊ नकोस. तुला कळलं ना रे?

मी म्हटलं, हो, लगेच कळलं.

खरं तर चूक त्यांचीच. माणसानं स्पष्ट बोलावं. वर येऊन वही उघडली. मला माझी लाज वाटली. हे एकदाच लिहितोय.

२४ सप्टेंबर
संकल्प: जायच्या आधी काहीतरी निमित्तानं कवळी मागून घ्यायची आणि दात गुपचूप घासून उंची कमी करायची. कोणाला कळणार नाही. मग दोन महिने फुकट खोली आणि स्वच्छ मन.

२५ सप्टेंबर
कळलं. काकूंनी मख्खांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॉसला फोन केला. कवळी टेबलावर आली. बॉसनं वरचे आणि खालचे दात एकमेकांवर आपटून दाखवले, टक, टक, सगळ्या लॅबसमोर. म्हणाले, ज्याला इथे उंची सांभाळता येत नाही, तो तिथे काय शिकवणार? शाखेत आता माझ्या शेजारच्या टेबलावरचा चश्मिष जाणार. (त्याची घरची अडचण अचानक सुटली.) मी इथेच राहून कवळी पहिल्यापासून नवी करायची.

चूक झाली, एवढंच म्हणालो. कोणत्या प्रकारची, ते कोणी विचारलं नाही.

२८ सप्टेंबर
चश्मिष गेला. माझी सुटकेस मागत होता. दिली नाही. तेवढा सूड पुरे.

१ ऑक्टोबर
पूर्ण भाडं घेऊन खाली गेलो. नव्या मापासाठी मख्ख पुन्हा कवळीशिवाय. तोंडावर टॉवेल. मला पाहून तोच हात हलवला. नको, नको.

मी म्हटलं, काका, मी कुठेच गेलो नाही. घ्या.

त्यांनी टॉवेल खाली केला. माझ्यासमोर पहिल्यांदाच. रिकाम्या तोंडानं हसले आणि खांद्यावर थोपटलं. आतून काकू म्हणाल्या, हे म्हणतात, नवी कवळीसुद्धा ह्यालाच करू दे. मग मख्खांनी पैसे घेतले.

सुटकेसचे पैसे फेडायचे आहेत. तिला खिडकीपासून दारापर्यंत नेऊन पाहिलं. चाकं छान फिरतात.