उन्हातली डाळ

आई, आज तुला त्या सोलर कुकरबद्दल विचारायचं आहे. मनवेलपाड्याच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर असायचा, ज्याला तू शेवटपर्यंत नुसती 'पेटी' म्हणालीस, तोच. माझ्या पहिल्या पगारातून सरकारी सवलतीत घेतलेला. तेव्हा मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि जगातल्या बहुतेक अडचणींवर माझ्याकडे उत्तर तयार असायचं. विरारला गॅसचा नंबर लावला की सिलिंडर कधी येईल याचा भरवसा नव्हता. बाबा गेल्यापासून रेशनच्या रॉकेलसाठी रांगेत तूच उभी राहायचीस, आणि वातीच्या स्टोव्हच्या धुराने तुझा खोकला बळावायचा. ऊन मात्र पावसाळा सोडला तर रोज गच्चीवर फुकट पडलेलं. इतकी साधी गोष्ट लोकांना कळत कशी नाही, याचं मला खरंच नवल वाटायचं. तो स्टोव्ह तुझ्या घरातून कायमचा जावा, एवढ्यासाठी मी ती पेटी आणली होती.

रविवारची दुपार आठवते. मी खाली पेपर तपासत बसले आहे. तू पदराने धरून काळा डबा गच्चीवरून खाली आणतेस, झाकण काढतेस, आणि तूरडाळ अशी मऊ शिजलेली की पळी फिरवायचीही गरज नाही. मी म्हणते, गॅसवरच्यापेक्षा गोड लागते गं. "ऊन मुरलंय त्यात," तू म्हणतेस आणि माझ्याकडे न बघता वाढत राहतेस. त्या वर्षी सिलिंडर पूर्वीपेक्षा बराच जास्त पुरला. मी ते वर्गात सांगितलं, मग एका लेखात लिहिलं, मग परिसंवादांत. इंधनाच्या भावांवर, अनुदानावर, नव्या साधनांवर बोलायला मला लोक बोलवू लागले, आणि प्रत्येक भाषणात कुठे ना कुठे तू यायचीसच. बाकीचे आकडे दुसऱ्यांचे असत, डाळ मात्र माझ्या डोळ्यांदेखत शिजलेली होती, असं मी धरून चालले.

एकदा मी तुला म्हटलं होतं, इमारतीतल्या बायकांना गच्चीवर बोलावून दाखव ना करून. तू केवढी चिडलीस. "लोकांच्या चुलीत नाक खुपसू नकोस," म्हणालीस. "मी वापरते ना? मग झालं तर." तुझा स्वभाव भिडस्त, म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि विसरूनही गेले.

गेल्या महिन्यात आगाशीला गेले होते. आपल्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकू आता तिथे माहेरच्या वाडीत राहतात. अंगणात सुकेळी वाळत घातलेली, त्यावर जाळी. उन्हाचा विषय निघाला म्हणून मी कौतुकाने तुझ्या पेटीची आठवण काढली, तर त्या हसायलाच लागल्या. "अगं, उन्हात केळी सुकतात, डाळ कसली शिजते? तुझी पाठ वळली की तुझी आई खाली रॉकेलच्या स्टोव्हवर शिजवायची आणि मग डबा वर नेऊन ठेवायची. जिन्यात भेटायची ना मला."

"गॅसवर का नाही शिजवायची मग?"

"सिलिंडर लवकर संपला असता तर तुला कळलं नसतं? म्हणायची, पोरीचा हिशेब चुकायला नको."

रोज का, असं विचारलं तर म्हणाल्या, "रोज की कसं, ते मला कुठे ठाऊक? कधी शिजतही असेल बाई." आणि केळी उलटायला उठल्या.

तेव्हापासून मला काही सुधरत नाही. मी सिलिंडर मोजला, रॉकेल मोजलंच नाही. एक जळण स्वस्त झालं की माणूस दुसरं सोडतो, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं, आणि माझ्याच घरात स्टोव्ह पेटत होता. माणूस जे निवडतो तेच त्याला हवं असतं, असं आमचं शास्त्र धरून चालतं. मग तू काय निवडलंस गं? गॅस नाही, ऊनही नाही, धूर निवडलास, आणि तोही माझ्यासाठी. की काकूंनी दोन-चार ढगाळ दिवस पाहिले आणि तेवढेच लक्षात ठेवले? पेटीच्या काचेचा चटका मी स्वतः खाल्लेला आहे, तो काही खोटा नव्हता. तुझ्या खोकल्याचं मात्र आठवायला गेले की तो त्या वर्षांत कमी झाला की वाढला, हेच आठवत नाही. मला तुझा राग येतो, आणि राग पुरता यायच्या आत रडू येतं. एका समितीला नव्या सौरचुलींच्या अनुदानावर माझं मत हवं आहे. द्या म्हणावं, तर तुझा स्टोव्ह दिसतो. नको म्हणावं, तर कुणाच्या तरी गच्चीवर खरंच शिजत असेल. त्या पेटीचा तुला उपयोग झाला की नुसता जाच, एवढं तू सांगितलं असतंस तर मी काहीतरी लिहू शकले असते. आता विचारायचं तरी कुणाला, आणि हे पाठवायचं तरी कुठे?

पेटी अजून माझ्याकडे आहे. आगाशीहून आल्यावर पुसून काढली आणि परवाच्या रविवारी गच्चीवर डाळ लावली. लावायला उशीर झाला, मधे ढगही आले, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. जेवायच्या वेळी डाळ कच्चीच होती. मी ती गुपचूप कुकरला लावून शिट्ट्या काढल्या आणि परत काळ्या डब्यात ओतून टेबलावर आणली. लेक म्हणाली, आजीच्या पेटीतली ना? गोड लागते गं. मी म्हटलं, ऊन मुरलंय त्यात. पुन्हा वाढताना मला तिच्याकडे बघवलं नाही.