एकाच नावाची दोन मुलं

गुरुजी, तुम्ही मला पहिलीत दाखल करून घेतलंत त्या दिवशी रजिस्टरात माझ्याबद्दल दोन गोष्टी लिहिल्यात. त्या दोन्ही घेऊन मी आज न्यूझीलंडमध्ये राहतो. पासपोर्टवर त्याच आहेत, गाडीच्या लायसन्सवर त्याच आहेत. पहिली म्हणजे जन्मतारीख. आईला एवढंच आठवत होतं की पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, बैलांची शिंगं रंगवून झाली होती. तुम्ही हसलात आणि एक जून लिहिलंत, त्या वर्षी वर्गातल्या निम्म्या पोरांचं लिहिलंत तसंच. इथे ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरात आमच्या रस्त्यावर मुलांकडे राहायला आलेले दोन आजोबा आहेत, एक साताऱ्याकडचे आणि एक बीडचे. आम्हा तिघांचाही वाढदिवस एक जूनला, म्हणून यंदा मिळून एकच केक आणला. समोरच्या घरी पुण्याहून आलेल्या काकू म्हणाल्या, "अगबाई, तिघंही एकाच दिवशी? केवढा योग!" बीडचे आजोबा म्हणाले, "योग कसला वहिनी, मास्तरची कृपा." मी पण हसलो. दुसरी गोष्ट मात्र मी कधी कुणाला सांगितलेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. माझ्या आधी आईची दोन मुलं गेली होती. अशा घरी पुढच्या मुलाला दगडाचं नाहीतर उकिरड्याचं नाव ठेवतात, म्हणजे वरच्याची नजर त्याच्यावर जात नाही. माझं नाव दगडाचं होतं. आईने ते सांगितलं तेव्हा तुम्ही पेन कागदावर टेकवून थांबलात. निब टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका पडला. तो मी पुढे दाखल्यासाठी रजिस्टर उघडलं तेव्हा पाहिला. मग म्हणालात, "हे घरी चालू द्या, माय. शाळेत दुसरं लिहू." आणि लिहिलंत. आईने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. तिला आवडलं. ते तुम्ही कुठून आणलंत, हे तिने विचारलं नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे या हिवाळ्यात माझ्या हातून झालेली एक चूक. माझी बायको इथे नर्स आहे आणि तिच्यामागून मी आलो. नववीत शाळा सुटली, मग सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली, तेवढंच माझं शिक्षण. मधली वर्षं तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात गेली. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "याच्या हातून वेलांटी चुकायची नाही." चुकायची नाही कारण मला धास्ती वाटायची. मी प्रत्येक कागद चारदा वाचायचो, अजूनही वाचतो. इथे मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन मदत करतो: गोळ्या देणं, जेवण गरम करणं, झाडलोट. त्यातल्याच एक बाई, सत्त्याऐंशी वर्षांच्या, नव्या वसाहतींच्या मधोमध उरलेल्या जुन्या लाकडी घरात एकट्या राहतात. डोळ्यांनी आता समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्यांचं घराणं मूळचं इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं. पणजोबांचे वडील, शेतमजूर, जहाजाने इकडे आले. त्या माणसाचे आईवडील कोण, त्यांचे कोण, हे त्या तीस वर्षं शोधत आहेत. एका भिंतीवर कागदाला कागद चिकटवून केलेली वंशावळ आहे, आणि जेवणाच्या टेबलावर त्या खेड्यातल्या चर्चच्या रजिस्टरांच्या फोटोंची चवड.

ही रजिस्टरं पाहिली असतीत तर तुम्हाला आवडली असती, गुरुजी. तीन प्रकारची असतात: बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि दफनाचं. पाद्री हाताने लिहायचा. काही पाद्री तुमच्यासारखे, ओळीवर ओळ, आणि काही असे की शाईवर कोंबडी चालून गेली असावी. मला इंग्रजी बोलताना घाम फुटतो, पण अक्षर लागतं. एकदा टेबल पुसताना मी एक ओळ मोठ्याने वाचली आणि बाई म्हणाल्या, "अरे लव्ह, माझ्या भाच्याच्या पोराला हे दोन वर्षांत लागलं नाही!" तेव्हापासून काम आटोपलं की मी माझ्या वेळेत तासभर बसून त्यांना वाचून दाखवायचो आणि पेन्सिलीने बाजूला टिपणं करायचो. ऑगस्टमध्ये त्यांच्या सगळ्या नात्यागोत्याचा मेळावा ठरला होता. भाच्याचा तो मुलगा वंशावळीचं पुस्तक छापणार होता. बाई म्हणायच्या, "आता हे हातात धरायचं आणि मग खुशाल मरायचं. स्वीट ॲज." इथे झकासला असंच म्हणतात.

जहाजातून आलेल्या माणसाचं नाव अगदी साधं, आपल्याकडच्या रामासारखं. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद बाईंनी फार पूर्वी शोधून ठेवलेली होती. मी नुसती खात्री करत होतो. दफनाचं रजिस्टर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, मी पाहिलं, आणि त्यात बाप्तिस्म्यानंतर तीन आठवड्यांनी तेच नाव सापडलं. तोच बाप. पुढे एक शब्द, तान्हं मूल. मी चारदा वाचलं. तीन आठवड्यांचा होऊन गेलेला मुलगा मोठा होऊन जहाजात कसा चढेल? म्हणजे बाईंचा माणूस दुसराच कोणीतरी, आणि भिंतीवरची त्याच्या वरची सगळी माणसं परकी.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, ते बाळ जाऊन दोनशे वर्षं झाली. तुम्ही आत्ता उपास धरता?" मी म्हटलं, बाईंना सांगावं लागेल. ती थट्टा सोडून म्हणाली, "वॉर्डात आम्ही खात्री झाल्याशिवाय नातेवाइकांना काही सांगत नाही. तुमची खात्री झाली आहे?" मी हो म्हणालो. चारदा वाचलं होतं ना.

मी सांगितलं तेव्हा बाई हातातली किटली तशीच धरून उभ्या राहिल्या. "ओह वेल," म्हणाल्या. इथली माणसं घर जळालं तरी तेवढंच म्हणतात. मग किटली लावली, ती उकळली, बंद झाली, पण चहा काही झाला नाही. मग त्यांनी भाच्याच्या मुलाला फोन करून छपाई थांबवायला सांगितलं. बाई नवऱ्याबरोबर एकदाच इंग्लंडला गेल्या होत्या, त्या चर्चच्या आवारात गवतावर बसून दोघांनी सँडविच खाल्लं होतं, त्याचा फोटो फ्रिजवर होता. पुढच्या वेळी मी गेलो तर तो फ्रिजवर नव्हता. टेबलही रिकामं, चवड खोक्यात घालून कपाटात. "दुसऱ्या कुणाच्या तरी माणसांना भेटून आले म्हणायचं," एवढंच त्या बोलल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याशी फक्त गोळ्यांचं आणि हवेचं बोलणं केलं.

तिसऱ्या खेपेला मीच खोकं उघडलं. म्हटलं, निदान खरे आईवडील शोधून देऊ. आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात चार पानांपुढे माझंच पेन्सिलीतलं टिपण दिसलं: 'दुसरं कुटुंब.' त्या ओळीत दीड वर्षानंतरची तारीख होती, मुलाचं नाव तेच, बापाचं तेच, आईचंही तेच. ही ओळ मी पहिल्या वेळीच वाचली होती. ती बाईंना मोठ्याने वाचून दाखवली नव्हती, कारण माझ्या मनात प्रश्नच आला नव्हता. एका गावात एका नावाची दोन जोडपी असू शकतात. पण आपलं लेकरू गेल्यावर पुढच्याला कोणी तेच नाव ठेवेल, हे कसं शक्य आहे? आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. गेलेल्या लेकराचं नाव तर आमच्या घरी तोंडातूनही काढत नसत. आईने माझ्या दोन भावांची नावं मला मरेपर्यंत सांगितली नाहीत.

तरी मी ते दुसरं कुटुंब शोधलं. त्यांचं लग्न नाही, दुसरं मूल नाही, दफन नाही. शेवटी घाबरत बाईंना ओळ वाचून दाखवली आणि माझं टिपणही.

"दुसरं कुटुंब का लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"पहिला मुलगा गेला होता ना. तेच नाव पुन्हा कोण ठेवील?"

 बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "सगळे ठेवायचे, लव्ह! हीप्स! ढिगाने! माझे स्वतःचे वडील दुसरे होते. पहिला घटसर्पाने गेला. मलाच कसं सुचलं नाही!" मग हसू थांबलं आणि त्यांनी माझ्या मनगटावर बोट आपटलं. "पानावर असेल ते मला वाचून दाखवायचं. सगळं. ठरवायचं ते मी ठरवीन."

मी म्हटलं, "सॉरी." मग न राहवून विचारलं, "पण तेच नाव हाक मारताना त्यांना कसं वाटत असेल?"

"हाक मारायची सवय झालेली असते ना," त्या म्हणाल्या.

"तीन आठवड्यांत?"

"पोटात असल्यापासून, वेड्या." आणि त्या फोन करायला उठल्या.

मी रबर घेतलं आणि तिथेच थांबलो. चौथीत मी गणिताच्या वहीत चुकलेलं उत्तर थुंकी लावून पुसलं होतं आणि कागदाला भोक पडलं होतं. तुम्ही माझा कान धरला होता. "खोडायचं नाही. एक आडवी रेघ मार. काय चुकलं होतं ते मला दिसू दे." म्हणून रबर ठेवून मी त्या दोन शब्दांवर एक रेघ मारली आणि खाली सही केली. तुम्ही दिलेल्या नावाची सही. ती करताना माझा हात थांबला.

चौथीच्या स्कॉलरशिपसाठी तुम्ही मला एकट्याला घरी बोलावता. शाळेमागच्या भाड्याच्या दोन खोल्या, बाहेर सतरंजी, आत तुमच्या मंडळींचं, काकूंचं, स्वयंपाकघर. काकू मला कारण नसताना नावाने हाक मारतात. मी ओ दिली की म्हणतात, "काही नाही रे, बस." मला वाटतं त्यांना विसरायला होतं. एक दिवस तुम्ही पोस्टात गेलेले असता आणि काकू मला दूध प्यायला आत बोलावतात. पिठाच्या डब्यांच्या वर एका लहान मुलाचा फोटो आहे, त्याला ताजा हार. खाली पांढऱ्या रंगात नाव लिहिलंय. अक्षर तुमचं, रजिस्टरातलं. नाव माझं.

मी दहा वर्षांचा होतो, गुरुजी. मला वाटलं मी मेलो आहे, किंवा मरणार आहे आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणालो, तिसऱ्या दिवशीही. मग तुम्ही स्वतः घरी आलात. मी कडब्यामागे लपलो होतो. तुम्ही आईला म्हणालात, "पोराला डोकं आहे हो माय, पण कणा नाही." परीक्षेला मी बसलो नाही. उन्हाळ्यात तुमची बदली झाली. तुमच्या मनात मी आळशी म्हणून राहिलो, आणि तेच वाक्य मी पुढे नववी सोडताना स्वतःशी म्हटलं.

पुन्हा तुमची गाठ पडली ती टायपिंगच्या दुकानात. तुमच्या पुतण्याने तेराव्याची पत्रिका टाइप करायला आणली. तुमचं नाव मी टाइप केलं, चारदा तपासलं, काना-मात्रा सगळं बरोबर होतं. खाली 'शोकाकुल' म्हणून काकूंचं नाव आणि मग पुतण्याचं. मुलाची ओळ नव्हती. मी पुतण्याला काही विचारलं नाही. प्रती मोजून दिल्या.

इतकी वर्षं मी असं समजत आलो की तुम्ही एका मेलेल्या मुलाचं नाव माझ्या अंगावर टाकलंत. आईबापांनी मुद्दाम दगड म्हणून जपलेला पोरगा तुम्ही उघड्यावर आणलात. आता परक्या देशात, परक्या माणसांचं रजिस्टर वाचताना कळतंय की तो शाईचा ठिपका पडेपर्यंत तुम्ही काय विचार करत असाल. तुमच्या घरात पुन्हा मूल झालं नाही. हाक मारायला कोणी हवं होतं. मी तीन महिने ओ देत होतो आणि मग एकाएकी यायचा थांबलो.

मेळावा झाला. बाईंनी मला माइकवर उभं करून दोन्ही मुलांच्या ओळी वाचायला लावल्या, गेलेल्याचीही. भिंतीवरच्या वंशावळीत आता त्या जोडप्याखाली एकाच नावाच्या दोन चौकटी आहेत, शेजारी शेजारी. सँडविचचा फोटो पुन्हा फ्रिजवर आला आहे.

पत्रिकेवरचा तुमचा पत्ता मला पाठ आहे. काकू तिथे असतील की नाही, माहीत नाही. असल्या तरी हे वाचून त्यांना काय होईल, ते मी ठरवू शकत नाही. म्हणून हा कागद पासपोर्टमध्ये, तुमच्या दोन्ही नोंदींच्या पानात घडी करून ठेवतो. फक्त एक राहिलं. त्या दिवशी काकू दुधाचा पेला घेऊन आल्या, तेव्हा हार खाली येऊन फोटोवरचं नाव झाकलं गेलं होतं. "हार घसरला वाटतं," त्या म्हणाल्या आणि नीट करून पदराने ते नाव पुसून घेतलं. मी मान हलवली. तो घसरला नव्हता, गुरुजी. मी पिठाच्या डब्यावर चढून ओढला होता.