मासा आणि छत्री

म्हैसूर, ७ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. गुंडुमामांना हर्षिताचे शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. माझ्या मराठीला हसू नका.

शनिवारी आमच्या लॅबमध्ये तुम्ही तासभर बटणं दाबलीत. पडद्यावर मासा आणि छत्री ही चित्रं कधी डावीकडे, कधी उजवीकडे येतात; त्यातलं एक निवडायचं, बरोबर की चूक ते पडदा सांगतो. त्यावरून मेंदू कसा शिकतो आणि पुढचं कसं ठरवतो, ते आम्ही मोजतो. मामा, तुमची निम्मी उत्तरं शेवटपर्यंत चूकच आली. सुधारणा काहीच नाही. त्यात तुमचा हात थरथरतो, असं मामी म्हणाल्या. मला भीती वाटतेय. तूर्त कापड बेतणं थांबवा, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू.

तुमची काळजीत पडलेली,
हर्षिता

बेट्टदपुर, १३ ऑक्टोबर

चि. हर्षितास अनेक आशीर्वाद.

पत्र आल्यापासून कात्री धरली नाही बघ. नातवाच्या, पवनकुमारच्या, लग्नाचा कोट मीच शिवणार होतो. कापड म्हैसूरला, देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे पाठवलं. अय्यो, पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. तुझी मामी अंबाबाई माझ्याशी हळू आवाजात बोलते, मला ऐकू येत नाही हे विसरून.

एक विचारतो, रागावू नको. तुझ्या मशीनला दसऱ्यातल्या आयुधपूजेचं हळदकुंकू होतं, शेवंतीची माळ होती. पूजा झालेल्या हत्याराला डावा हात कसा लावू? आणि डावं बटण डाव्याच हाताच्या बोटानं दाबायचं, असं तू बजावलेलं. मग मी गुमान उजवंच दाबत राहिलो. तुझे साहेब तिथं उभे, बोलायला लाज वाटली. आधी मासा बरोबर होता, अर्ध्यावर तू छत्री बरोबर केलीस. मासा डावीकडे आला की हळहळायचो. याला मेंदू बिघडला म्हणतात काय?

तुझा मामा,
गुंडुराव

म्हैसूर, १६ ऑक्टोबर

ती. स्व. मामांना शि. सा. न.

फाइल उघडली. दोनशेच्या दोनशे वेळा उजवं बटण! मी नुसती बेरीज पाहिली होती. मासा संपून छत्री कधी सुरू झाली, ते तुम्ही बरोब्बर ओळखलंत. म्हणजे मेंदू छान शिकतोय. हाताचं तेवढं डॉक्टरांना दाखवू.

त्या आठवड्यात आणखी अकरा वयस्कर माणसं आली होती. आठजणांनी उजवंच दाबलंय. आणि मी अहवालात लिहून मोकळी झाले होते, की म्हातारपणी मेंदू चुकांतून शिकत नाही! ते पान काल फाडलं.

तुम्हाला एक शब्द न विचारता मी तुमची कात्री बंद केली. फार चुकलं माझं, मामा. पवनला फोन केला, कापड अजून कापलेलं नाही. रविवारी तो आणि मी ते घेऊन येतोय. कात्रीला धार लावून ठेवा.

राग सोडा, लोभ तेवढा ठेवा.
हर्षिता