उजवं मागचं चाक

प्रिय सूरज,

माझा नंबर दिसला की तू फोन कापतोस, म्हणून चाकणच्या पत्त्यावर हे पत्र टाकतोय. अक्षराला नावं ठेवू नकोस. अर्धं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेलं, हाताला पेनाची सवय नाही. अनिता गेल्यापासून चार वर्षं झाली, तू गावाकडे फिरकला नाहीस. तुझ्या आईचे, कुशाताईचे गुडघे धरलेत, पण पळसदेव सोडून माझ्याकडे यायला तयार नाही. तुझी छकुली चौथीत गेली. उजनीचं पाणी उतरून जुनं देऊळ उघडं पडलंय, तर रोज तिकडे पळते.

गेल्या सोमवारी सुप्याचे दत्तोबा त्यांची जुनी पिकअप घेऊन गॅरेजवर आले. म्हणाले, "मिस्तरी, रिकामी आसली की थांबती, भरली की थांबत न्हाय, आन डावीकडं वढती." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तरी रीतीनं बघितलं. ब्रेक ऑइल पुरेसं होतं, पॅडल कडक लागत होतं. मग दत्तोबांना ब्रेक दाबून धरायला लावलं आणि एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं. तीन चाकं जागची हलली नाहीत. उजवं मागचं मात्र मोकळं फिरत राहिलं. खाली सरकलो, तर त्या चाकाकडे जाणारा ऑइलचा पाइप कुणीतरी ठोकून चपटा केलेला. मी तिथेच पडून राहिलो. दत्तोबांना वाटलं, मला चक्कर आली.

हा उद्योग आम्ही मिस्तरी लोक करतो. चाकातून ऑइल गळतंय आणि वेळ नाही, तर त्या चाकाचा पाइपच बंद करायचा. उरलेल्या तीन चाकांवर गाडी थांबते, म्हणजे थांबल्यासारखी वाटते. दोन दिवसांपुरतंच करायचं असतं ते.

चार वर्षांपूर्वीची खंडेनवमी आठव. तू आणि अनिता दुपारी आलात, तुझ्या पिकअपचं उजवं मागचं चाक ऑइलनं भिजलेलं. माझे पाने, पक्कड सगळं पाटावर मांडून पूजा झाली होती, झेंडूचा हार अनितानेच घातला. पुजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत, हे आपल्या घरचं कडक. तीही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा, पूजा मोडू नका, दसऱ्यानंतर येतो की." तुम्हाला चहाला घरात पाठवलं आणि पूजेत ठेवायची राहून गेलेली हातोडी उचलून मी तो पाइप ठोकला. तुला एवढंच म्हणालो, दसरा झाला की ये. काय केलंय ते सांगितलं नाही. मिस्तरीची ऐट, दुसरं काय. ब्रेक कडक लागत होता म्हणून तू आला नाहीस. मीही बोलावलं नाही. दिवाळी आली, साखर कारखाना सुरू झाला, उसाच्या गाड्यांची रांग लागली, मी विसरलो.

मग पेरू भरून तुम्ही बारामतीला निघालात आणि वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. गाडी डावीकडे ओढली. अनिता डावीकडे बसली होती. पंचनाम्याला मला विचारलं, तेव्हा मी तुझ्यादेखत म्हणालो, ब्रेक मीच बघितले होते, ठणठणीत होते. तेव्हापासून तू ज्याला त्याला सांगत सुटलास, "माझाच पाय ब्रेकवर उशिरा पडला." मी ऐकत राहिलो. लाज वाटली, भीती वाटली, आणि एकदा गप्प बसलं की रोज गप्प बसावं लागतं. अजूनही एखादं चाक मोकळं फिरलं की अनिता हार घेऊन दारात उभी आहे असं वाटतं. मान वर करायचा धीर होत नाही.

परवा रविवारी पळसदेवला गेलो. शाळेत कुणीतरी काही बोललं होतं, म्हणून छकुलीनं विचारलं, "आबा, पप्पांनी ब्रेक का न्हाय मारला?" तुझी आई माझ्याकडे बघत राहिली, गाडीतलं मला कळतं म्हणून. मी दोघींना सगळं सांगून टाकलं. कुशाताई उठून आत गेली, ती अजून माझ्याशी बोललेली नाही. काल पोलिसांतही जबाब देऊन आलो. पुढे व्हायचं ते होईल. पण तुला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. सूरज, तू ब्रेक मारला होतास, वेळेवर मारला होतास. छकुलीलाही मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग पप्पा घरी का येत न्हाईत?"

अजून मामा म्हणणार असशील, तर तुझाच,
हिंदुराव