कामावर गेलेत

ताईला धाकटीचा वाकून नमस्कार,

रविवारी सकाळी भांडी विसळून, कपडे वाळत टाकून मी नव्या घराच्या काचा पुसत होते, तेवढ्यात खाली इमारतीचा उत्सव सुरू झाला. घर छान आहे, ऊन भरपूर येतं. काळजी करू नकोस.

सुनेबरोबर खाली गेले. शिवणकाम करणारी शेजारीण प्रत्येक बाईच्या केसांत फूल माळत होती. मला इथली भाषा येत नाही, म्हणून तिने सुनेमार्फत विचारलं, "यजमान नाही आले?"

हे गेल्यापासून नऊ वर्षं अशा वेळी मी आपणहून मागे सरते. त्या दिवशी मात्र फुलाचा मोह पडला. सून काही बोलणार, तोच मी म्हटलं, "कामावर गेलेत म्हणून सांग."

"आई, असं सांगू?"

"सांग गं."

शेजारणीने फूल माळलं, शिवाय यजमानांसाठी जेवणाचा डबाही भरून दिला. जिन्यात सून हळूच म्हणाली, "आई, तिचेही यजमान नाहीत."

ताई, तिच्या केसांत तर दोन फुलं होती! सुनेसमोर मान वर करवेना. तुझे गुडघे कसे आहेत? हे भावजींना वाचून दाखवू नकोस.

दुसऱ्या दिवशी सुनेकडून इथल्या भाषेतलं एक वाक्य शिकून घोकलं, एकटीच शेजारणीकडे गेले आणि माझे यजमान वारले आहेत, असं तिला सांगून आले.

तुझी,
धाकटी